कानाला बॅकअप नसतो

दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफेसोबत फोटो सगळेच काढतात. ती डागणाऱ्या गोलंदाजाच्या कानांचं काय झालं असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. ठीक आहे, तेव्हा इअरप्लग नव्हते. पण आज?

आजही काही महाभाग रेंजवर उघड्या कानांनी बार काढतात आणि वर सांगतात, "सवय होते रे!" मंडळी, सवय होत नाही, ऐकू येणं कमी होतं. साध्या गप्पा 60 डेसिबल, पॉइंट टू-टू रायफलचा बार 140 च्या आसपास. हा फरक दुप्पट-तिप्पट नाही. दर 10 डेसिबलला तीव्रता दसपट, म्हणजे दहा कोटी पट! आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. उरते ती कानातली अखंड शिट्टी, टिनिटस. त्यावर खात्रीचा इलाज नाही.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला याच पॉइंट टू-टू रायफलवर ब्राँझ मिळवलं. त्या खेळाचे नियमसुद्धा कान झाका म्हणून बजावतात. मग आपण कोण लागून गेलो?

रेंजवाल्यांनो, कान झाकल्याशिवाय कुणाच्याही हातात रायफल देऊ नका. बस्स.