पिच : प्रोपेलरच्या पात्यातला हिशेब



बारावीच्या निकालानंतर विमान देखभाल अभियंत्याच्या अभ्यासक्रमाची चौकशी आता आपल्या घरांतूनही होते. फी किती, नोकरी कुठे, हे प्रश्न पहिले येतात. या पेशात जबाबदारी कसली असते, हा प्रश्न मागे राहतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आज लहान विमानातील एकच गोष्ट पाहू : प्रोपेलरचा, म्हणजे पुढच्या पंख्याचा पिच.

लाकडात स्क्रू पिळला की तो प्रत्येक फेऱ्यात ठराविक अंतर आत शिरतो. प्रोपेलरही हवेत तसाच शिरतो. हवा जराही निसटली नाही, तर एका फेऱ्यात तो जितका पुढे जाईल, तितका त्याचा पिच. उदाहरण म्हणून सेस्ना 152 घेऊ. हे दोन आसनी विमान जगभर आणि भारतातही शिकाऊ वैमानिकांच्या ओळखीचे. त्याचे 110 अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त 2550 फेरे घेते. प्रोपेलरचा व्यास 69 इंच, पिच 58 इंच. 58 ला 2550 ने गुणले तर तासाला सुमारे 225 किलोमीटर होतात. प्रत्यक्षात समुद्रसपाटीवर विमानाचा कमाल वेग 203 च्या आसपास असतो. हवा लाकडासारखी घट्ट नसल्याने बाकीचे अंतर निसटण्यात जाते.

पात्याला पीळ असतो, त्याचेही कारण हेच. पात्याचे टोक मोठे वर्तुळ फिरते, मधला भाग लहान; पण एका फेऱ्यात दोघांनाही सारखेच पुढे सरकायचे असते. म्हणून वरील मापाच्या प्रोपेलरमध्ये हिशेबाने टोकाशी कोन 15 अंश येतो, तर पात्याच्या मध्यावर 28 अंश.

आता निवड. कशेडी घाट चढताना गाडी खालच्या गिअरमध्ये घेतो आणि सपाट रस्त्यावर वरच्या. कमी पिच म्हणजे खालचा गिअर : इंजिन लवकर फेरे घेते, विमान कमी धावून उठते आणि भराभर चढते; पण सरळ उड्डाणात इंजिन मर्यादेबाहेर फिरण्याचा धोका असतो. जास्त पिच म्हणजे वरचा गिअर : लांबच्या प्रवासाला वेग मिळतो, मात्र उड्डाणाच्या वेळी इंजिन दबते आणि धाव लांबते. पात्यांचा कोन उडतानाच बदलणारे प्रोपेलरही असतात, पण ते महाग आणि वजनदार. अखंड धातूच्या साध्या प्रोपेलरला जन्मभर एकच गिअर. म्हणून विमान कशासाठी वापरायचे, हा प्रश्न आधी. आखूड धावपट्टी किंवा ग्लायडर ओढण्याचे काम असेल तर पिच कमी. दूरच्या सफरी असतील तर जास्त. ढोबळ मानाने पिच एक इंच घटवला की मिनिटाला सुमारे 50 फेरे वाढतात. पण ही निवड मालकाच्या मर्जीवर नसते. प्रमाणित विमानाला कोणते प्रोपेलर चालतील, हे त्याच्या मान्यतेच्या कागदपत्रांत लिहिलेले असते. आणि पाते पिळून पिच बदलण्याचे काम मान्यताप्राप्त कार्यशाळेतच होते.

रोटॅक्स 912 सारखे इंजिन असलेल्या हलक्या विमानांत पाती जमिनीवर बसवून कोन बदलता येतो. आधी इग्निशन बंद, चावी खिशात, चाकांना अडसर. मग उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर प्रत्येक पात्यावर खूण करायची. एकेक पाते त्याच जागी आणून कोनमापकाने मोजायचे. सगळी पाती तंतोतंत सारखी हवीत, नाहीतर विमान थरथरते. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायचे आणि इंजिन थोडे चालवून पुन्हा तपासायचे. याच्या 100 अश्वशक्तीच्या इंजिनाला 5800 फेऱ्यांची परवानगी फक्त पाच मिनिटे आहे, सतत चालवायला 5500. सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलवर आकडा 5800 ओलांडत असेल तर पिच कमी पडला आहे.

खरी कसोटी मात्र आकड्याची आहे. सेस्ना 152 उभे ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडला, तर पुस्तिकेनुसार 2280 ते 2380 फेरे दिसले पाहिजेत. समजा, 2200 च दिसले. आधी मोजणारे यंत्र बरोबर आहे का, ते दुसऱ्या यंत्राने पाहायचे. ते बरोबर असेल तर प्रोपेलर चुकीचा असेल किंवा इंजिनाची ताकद घटली असेल : सिलिंडर झिजला, प्लग बिघडला, मॅग्नेटोची वेळ चुकली. अशा वेळी एक सोपी पळवाट असते. पिच थोडा कमी केला की आकडा पुन्हा 2300 वर येतो आणि कागद स्वच्छ दिसतो. पण भार हलका झाल्याने फेरे वाढले, ताकद वाढली नाही. आजार तसाच राहिला, फक्त ताप मोजायचे थर्मामीटर बदलले.

त्याची किंमत कोण देते? धुळे, बारामती, गोंदिया येथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. मे महिन्यात तापलेली हवा विरळ होते; इंजिन, प्रोपेलर आणि पंख या तिघांचीही ताकद एकाच वेळी कमी होते. त्यात इंजिन आधीच अशक्त असेल, तर धावपट्टी संपत आली तरी विमान उठत नाही. आत असतात एक प्रशिक्षक आणि कोणाचे तरी वीस वर्षांचे लेकरू.

सूरह अर-रहमानमध्ये आकाश उंचावल्याच्या उल्लेखाला लागूनच मीज़ान, म्हणजे तराजू ठेवल्याचा उल्लेख येतो आणि मापात कसूर न करण्याची ताकीद आहे. धान्याच्या तराजूला जो नियम, तोच या काट्याला. नोंदवहीतली सही ही अमानत आहे. जो दिसेल तोच आकडा लिहायचा आणि मालक घाई करत असला तरी विमान हँगरमध्येच ठेवायचे, हा या पेशाचा पहिला धडा. मुलगा किंवा मुलगी या वाटेने निघाली असेल, तर फीबरोबर एवढी तयारीही घरातूनच द्यावी. ती कोणत्याही संस्थेत विकत मिळत नाही.