फुरसतीचा हजेरीपट

अमेरिकेतील ब्लिझर्ड या कंपनीने नोव्हेंबर 2004 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा संगणकीय खेळ बाजारात आणला. हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरतात, संघ बांधतात, राक्षसांशी आणि एकमेकांशी लढतात, असे त्याचे स्वरूप. खेळाडू दरमहा वर्गणी भरीत आणि ऑक्टोबर 2010 मध्ये वर्गणीदारांची संख्या 1 कोटी 20 लाखांवर पोचली. या खेळाची दखल घ्यावयाची ती त्याच्या करमणुकीच्या मूल्यासाठी नव्हे. कामगारवर्गाने पिढ्यान् पिढ्या झगडून मिळविलेला मोकळा वेळ भांडवल पुन्हा आपल्या दावणीला कसे बांधते, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच सापडेल; आणि तेथे तयार झालेल्या युक्त्या आज भारतातील खेड्यापाड्यांतल्या मोबाइलपर्यंत येऊन पोचल्या आहेत.

प्रारंभीच्या वर्षांत या खेळातील मोठ्या स्वाऱ्यांसाठी चाळीस खेळाडू लागत. चाळिसांनी ठरल्या रात्री ठरल्या घटकेला हजर व्हावयाचे, तासन् तास जागचे हलावयाचे नाही, आणि हे आठवड्यातून अनेकदा. राक्षस मारल्यावर जी शस्त्रे-चिलखते हाती लागत ती दोघा-तिघांनाच पुरत. आणि एकदा मारलेला राक्षस पुढील आठवड्यापर्यंत पुन्हा मारता येत नसे. साऱ्यांच्या पदरी काही पडावयाचे तर महिनोन् महिने येत राहणे भाग होते. ही टंचाई निसर्गनिर्मित नव्हती. संगणकाच्या स्मृतीत तलवारीची दुसरी प्रत काढावयास छदामही पडत नाही. टंचाई हेतुपूर्वक पाडलेली होती, कारण वर्गणी महिन्याच्या हिशेबाने येते.

मग थोड्या वस्तूंची वाटणी चाळिसांत कशी करावयाची? त्यासाठी खेळाडूंनीच एक पद्धत वापरली. ती त्याआधीच्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळात 1999 मध्ये जन्मली होती. स्वारीला हजर राहिल्यास गुण, न आल्यास गुण नाहीत, आणि साठलेल्या गुणांवर वस्तूचा हक्क. थोडक्यात, खेळाडूंनी आपला हजेरीपट आपणच लिहावयास घेतला. कंपनीला मुकादमसुद्धा नेमावा लागला नाही!

याहून बोलका प्रकार 2005 मध्ये आला. खेळाडूंनी परस्परांशी लढून 'सन्मान' मिळवावयाचा आणि त्यानुसार लष्करी हुद्दे चढावयाचे, अशी ही व्यवस्था. मात्र हुद्दा ठरे तो स्वतःच्या पराक्रमावर नव्हे, तर त्या आठवड्यात बाजूच्या इतर खेळाडूंपेक्षा किती अधिक कमावले त्यावर. आणि एखादा आठवडा विश्रांती घेतली तर मिळविलेलेही झिजत जाई. सर्वोच्च हुद्द्याची ईर्ष्या धरणाऱ्यांना दिवसाचे चोवीस तासही अपुरे पडू लागले. तेव्हा कित्येकांनी आपले खाते मित्रांच्या हाती दिले आणि ते आळीपाळीने अहोरात्र चालविले. करमणुकीसाठी सुरू झालेल्या खेळात तीन पाळ्या लागल्या, आणि त्या लावणारे स्वतः खेळणारेच होते. ही व्यवस्था 2006 च्या अखेरीस मोडीत काढण्यात आली. पण आठवड्याला शून्यावर येणारी स्पर्धा आणि खाडा झाल्यास होणारे नुकसान ही दोन्ही तत्त्वे पुढच्या पिढीच्या खेळांनी जपून ठेविली.

अशा वेळी सुशिक्षित समाजाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: पोरे वाया गेली, मनाचा निग्रह उरला नाही. हा उपदेश निरुपयोगी तर आहेच, पण अन्यायकारकही आहे. रात्री दोन वाजताही न उठणारा खेळाडू दर वेळी व्यसनी असतो असे नाही. पुष्कळदा तो दिलेल्या शब्दाला जागत असतो. त्याने मध्येच उठावयाचे म्हणजे उरलेल्या एकोणचाळीस जणांची संध्याकाळ मातीत घालावयाची. कधी तोंडही न पाहिलेल्या माणसांसाठी अशी खंत वाटणे, ही मानवी स्वभावातील मोठी गोष्ट आहे. युनियनच्या कार्यकर्त्याला तिचे मोल सांगावयास नको. एकाकी नोकरी, परके शहर, बंद दारांची वस्ती अशा जगात ज्यांना दुसरी कोठलीच संगत मिळाली नाही, त्यांना ती या संघांत मिळाली, हे नाकारणे खोटेपणाचे होईल. आक्षेप आहे तो या सोबतीलाच वर्गणीचा खुंटा बनविण्याला. माणसाची निष्ठा माणसाशी असते; तिचे भाडे मात्र कंपनी वसूल करते.

खेळ आणि मजुरी यांतील भिंत किती पातळ झाली होती, हे पाहावयास चीनमध्ये जावे लागते. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी 2007 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या नियतकालिकात नानजिंग येथील एका कार्यशाळेचे वर्णन केले. तेथील तरुण रात्रीचे बारा तास हाच खेळ खेळून काल्पनिक सोन्याची नाणी गोळा करीत. महिन्याला सुट्ट्या दोन-तीन. मोबदला तासाला सुमारे 30 सेंट. ही नाणी अखेर विकली जात ती वेळ नसलेल्या, पण पैसे असलेल्या पाश्चात्त्य खेळाडूंना. श्रीमंताच्या खेळातले कंटाळवाणे तास गरिबाने मजुरीने भरून द्यावयाचे, अशी ही जागतिक श्रमविभागणी! आणि याच मजुरांपैकी काही जण पाळी संपल्यावर इंटरनेट कॅफेत जाऊन तोच खेळ स्वतःच्या हौसेने खेळत.

भारतात हे सारे मोबाइलवरून आले. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली, ती इतर 117 ॲप्सबरोबर आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून. खेळणाऱ्यांच्या वेळेचा प्रश्न त्यात नव्हताच. जुलै 2021 मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परतला, जुलै 2022 मध्ये पुन्हा थांबला आणि मे 2023 मध्ये वेळेची मर्यादा घेऊन पुन्हा सुरू झाला: अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तास, इतरांना सहा. आठ तासांची पाळी करून आलेल्या कामगाराला सहा तासांची मर्यादा! ही मर्यादा कोणाच्या सोयीची, हे वेगळे सांगावयास नको. शिवाय अशा खेळांत वर्गणीची जागा 'पास'ने घेतली आहे. खेळाडू आधी पैसे भरतो आणि मग हंगाम संपण्यापूर्वी नेमून दिलेली कामे रोज करीत राहून आपण विकत घेतलेली बक्षिसे पदरात पाडून घेतो. खाडा केला तर भरलेले पैसे बुडतात. गिरणीच्या दारात आगाऊ पैसे मोजून आत कामाला जाणारा मजूर कोणी पाहिला आहे काय?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर त्याने बंदी आणली आणि अनेक कुटुंबांना देशोधडीला लावणारा धंदा रोखला, हे स्वागतार्ह आहे. पण या कायद्याची कसोटी पैसा ही आहे. जो खेळ पैज लावीत नाही, पण दिवसाचे पाच तास नेतो, तो तिच्यातून सुटतो.

इतर देशांनी वेळेवर बंधने घालून पाहिली. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्र ते सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. मुले आईबापांच्या ओळखक्रमांकाने खेळू लागली, आणि 2022 च्या आरंभी तो नियम गेला. चीनने ऑगस्ट 2021 मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढा एकच तास ठेवला. दोन्ही ठिकाणी खेळणाऱ्यावर पहारा बसला. त्याला बोलावणारे यंत्र बहुतांशी तसेच राहिले.

मुंबईचा अनुभव निराळा धडा देतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती कामगारांना संयमाची प्रवचने देऊन नव्हे. मालकाने आठवड्यातून एक दिवस गिरणी बंद ठेवावी, हे त्यांनी मान्य करावयास लाविले. पुढे विजेचे दिवे आले तेव्हा मालकांनी कामाचा दिवस रात्रीत ओढून नेला. त्यावरही उपाय झाला तो तासांवर मर्यादा घालणाऱ्या कायद्याने.

तोच मार्ग येथे लागू पडतो. गैरहजेरीबद्दल खेळाडूचे काही हिरावून घेणारी योजना बेकायदा ठरवावी. पैसे भरून घेतलेल्या वस्तूला हंगामाची मुदत नसावी. गेलेल्या तासांचा आकडा पडद्यावर सतत दिसावा, आणि मध्येच उठणाऱ्यामुळे सोबत्यांचे नुकसान होऊ नये अशी सोय खेळातच असावी. हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य असल्याचा कांगावा कंपन्या करतील. परंतु 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या चाचणीच्या काळात फार वेळ खेळणाऱ्याची कमाई निम्मी करण्याचा नियम कंपनीने स्वतःच बसविला होता. खेळाडू दंड म्हणून कुरकुरले, तेव्हा हिशेब जवळजवळ तोच ठेवून 'पूर्ण' कमाईला 'विश्रांतीची दुप्पट' आणि 'निम्म्या'ला 'नेहमीची' असे नाव देण्यात आले, आणि तक्रार थांबली. चीननेही 2007 मध्ये अल्पवयीनांची कमाई तीन तासांनंतर निम्मी आणि पाच तासांनंतर शून्य करण्याचा नियम कंपन्यांकडून अमलात आणविला होता. माणसाला थांबविण्याचे तंत्र त्यांना वीस वर्षांपूर्वीच अवगत आहे.