ढगाला सीमा नाही, इशाऱ्याला मात्र आहे

बेळगाव : एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतर पूर्वेकडून आभाळ भरून आलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'इकडं येतंय की तिकडंच जातंय?' उत्तरासाठी अनेक जण मराठी वाहिनी लावतात. तिथं कोल्हापूरचा इशारा मिळतो, पण चंदगडच्या पुढं नकाशा संपतो. बेळगाव, खानापूर, निपाणीचा अंदाज बेंगळुरूहून येतो, गोव्याचा पणजीहून. वळीव एकच, कार्यालयं तीन!

उपग्रहाच्या चित्रात ही अडचण नाही. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) हे आपले उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवरून सगळा देश एकत्र टिपतात. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर ही चित्रं कुणालाही फुकट बघता येतात.

चित्र वाचायचं कसं? इन्फ्रारेड चित्रात ढगाच्या माथ्याचं तापमान दिसतं, म्हणून ते रात्रीही चालतं. ढग जितका उंच, तितका माथा थंड आणि चित्रात तितका पांढरा. जोरदार वळवाच्या ढगाचा माथा १५ किलोमीटरपर्यंत जातो, तिथं तापमान उणे ६० अंशांच्याही खाली असतं. पण पांढरं दिसलं की पाऊस, असं नाही. उंचावरचे विरळ ढगही पांढरेच दिसतात. एका दिवसाची शिल्लक बघून धंदा कळत नाही, तसंच हे. लागोपाठची दोन-तीन चित्रं ताडून बघा. छोटा ठिपका अर्ध्या तासात भराभर पसरला, तर सावध व्हा. चित्रावर वेळ जीएमटीत असेल, तर साडेपाच तास मिळवा.

मर्यादाही आहे. वळवाचा एखादा ढग तासाभरात वाढून विरतोही, आणि चित्र हाती येईपर्यंत त्यातला बराच वेळ गेलेला असतो. वीज कुठं पडणार, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. ते आपल्या जागेभोवतीच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांचा इशारा देतं, तालुका कुठल्या राज्यात आहे हे न बघता.

देशात विजेनं दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं दगावतात, त्यांत शेतात राबणारी कितीतरी. त्यामुळं सीमाभागातल्या तालुक्यांना कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत वेळेवर इशारा मिळावा, ही मागणी भाषेच्या वादात ढकलू नये. तोवर साधा नियम पाळा : गडगडाट ऐकू आला, की झाड सोडा, पक्कं घर गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.