काशीतील व्याख्यान आणि सत्तेची सीमा

पंडित मदनमोहन मालवीय यांनी स्थापन केलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या विधी विभागात फेब्रुवारी १९६५ मध्ये एका जर्मन प्राध्यापकाचे व्याख्यान झाले. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत विधी विभागाचे प्रमुख असलेले डीटर कॉनराड हे ते प्राध्यापक. विषय होता घटनादुरुस्तीच्या अधिकाराच्या अध्याहृत मर्यादा. संसद आणि न्यायालय यांच्यातील अधिकारवादावर हिरिरीने बोलणाऱ्या किती जणांना हे व्याख्यान ठाऊक असेल, कोण जाणे. परंतु त्या वादाचे मूळ शोधू गेल्यास काशीपर्यंतच जावे लागते.

त्या वेळी प्रश्न जवळजवळ निकालात निघालेला होता. संसद घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये शंकरीप्रसाद खटल्यात आणि १९६४ मध्ये सज्जनसिंग खटल्यात सांगितले होते. न्या. ज. र. मुधोळकर या मराठी न्यायमूर्तींनी मात्र एक शंका नोंदवून ठेवली होती : घटनेचे मूळ वैशिष्ट्यच बदलले, तर ती दुरुस्ती म्हणावी की नवे घटनालेखन?

प्रा. कॉनराड यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांनी काही कल्पित प्रश्न श्रोत्यांपुढे ठेवले. उद्या संसदेने जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणारे कलम २१ च रद्द केले तर? आपले बहुमत घटत चालले आहे असे दिसताच सत्ताधारी पक्षाने दुरुस्तीचा सारा अधिकार पंतप्रधानांच्या सल्ल्याने चालणाऱ्या राष्ट्रपतींकडे सोपवला तर? दुरुस्तीच्याच वाटेने मोगल बादशाही किंवा ब्रिटिश राजसत्ता पुन्हा आणता येईल काय?

या प्रश्नांमागे त्यांच्या देशाचा दारुण अनुभव होता. वायमार प्रजासत्ताकाच्या घटनेत दुरुस्तीच्या अधिकारावर बंधन नव्हते. मार्च १९३३ मध्ये हिटलरने, धाकदपटशाने का होईना, पण दोन-तृतीयांश बहुमत उभे केले आणि कायदे करण्याचा अधिकार आपल्या सरकारच्या हाती घेतला. घटनेचा गळा घटनेच्याच हातांनी आवळला गेला. म्हणून १९४९ च्या जर्मन घटनेत कलम ७९ द्वारे काही तत्त्वे दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली.

मठाधिपतींचा खटला

कॉनराड यांचा युक्तिवाद ज्येष्ठ विधिज्ञ एम. के. नंबियार यांनी १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात न्यायालयापुढे मांडला. त्याला खरे फळ आले ते २४ एप्रिल १९७३ रोजी. केरळमधील कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे अधिपती स्वामी केशवानंद भारती यांनी मठाच्या जमिनीसाठी केरळ सरकारविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. तेरा न्यायमूर्तींच्या पीठापुढे ६८ दिवस सुनावणी चालली. स्वामींच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळच्या बाजूने एच. एम. सीरवाई, असे मुंबईचे दोन दिग्गज समोरासमोर उभे ठाकले. सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निर्णय झाला : घटनेत दुरुस्ती करता येईल, तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. ज्यांचे मत निर्णायक ठरले त्या न्या. हंसराज खन्ना यांच्या निकालपत्रात प्रा. कॉनराड यांच्या प्रतिपादनाचा आधार स्पष्टपणे आढळतो. स्वामींच्या जमिनीचा प्रश्न त्याने सुटला नाही; राष्ट्राच्या पदरात मात्र एक कवच पडले.

इंदिरा गांधींच्या सरकारने या निर्णयाचे उत्तर दोन दिवसांत दिले. बहुमतातील शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिन्ही ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अ. ना. राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले. आज हाती घटनेची प्रत नाचवणाऱ्यांनी आपल्या पक्षाच्या इतिहासातील हे पान एकदा उघडून पाहावे.

कल्पना वास्तवात उतरली

आणीबाणी आली आणि काशीतील कल्पित प्रश्न अवघ्या दशकभरात खरे ठरले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवताच ऑगस्ट १९७५ मधील एकोणचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढली. संघावर ४ जुलै १९७५ रोजी बंदी आली; सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्याच्या कारागृहात होते आणि हजारो स्वयंसेवक ‘मिसा’खाली गजाआड. या बंदिवानांना न्यायालयाचे दार ठोठावता येईल काय, या प्रश्नावर नऊ उच्च न्यायालयांनी ‘होय’ म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी ‘नाही’ म्हटले. तो एकटा विरोधी आवाज न्या. खन्ना यांचा होता आणि त्याची किंमत त्यांनी सरन्यायाधीशपद गमावून दिली.

तरीही मूलभूत चौकटीचे तत्त्व टिकले. त्याच आधारे नोव्हेंबर १९७५ मध्ये एकोणचाळिसाव्या दुरुस्तीतील पंतप्रधानांना संरक्षण देणारे कलम रद्द झाले. बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेला दिलेला अमर्याद अधिकार १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात संपुष्टात आला. या तत्त्वाविरुद्ध लढलेल्या सीरवाईंनीही पुढे त्याची आवश्यकता मान्य केली.

मर्यादा सर्वांनाच हवी

हा इतिहास उजळण्याचे कारण असे की, हेच तत्त्व पुढे राष्ट्रीय विचारांच्या शक्तींना बोचू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेशातील भाजप सरकारे बरखास्त झाली. सेक्युलरिझम हा मूलभूत चौकटीचा भाग आहे, असे सांगत १९९४ च्या बोम्मई निकालाने ती बरखास्ती वैध ठरवली. न्यायाधीशांच्या नियुक्तीसाठी आयोग नेमणारी नव्व्याण्णवावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांनी २०१४ मध्ये जवळजवळ एकमुखाने संमत केली आणि सोळा राज्यांच्या विधिमंडळांनी उचलून धरली. ती ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी रद्दबातल झाली.

येथे आक्षेप घेण्यास पुरेपूर जागा आहे. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची पद्धत घटनेत लिहिलेली नाही. ती न्यायालयाने १९९३ मध्ये आपल्याच निकालातून निर्माण केली. सरन्यायाधीश हेही माणूसच आहेत, माणसाचे गुणदोष त्यांच्यातही असतात, म्हणून नियुक्तीवर त्यांना नकाराधिकार देणे धोक्याचे, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २४ मे १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. ज्या जर्मनीतून हे तत्त्व आले, तेथे घटना न्यायालयाचे न्यायाधीश संसदेची दोन सभागृहे दोन-तृतीयांश बहुमताने निवडतात आणि त्यांची मुदत बारा वर्षांची असते. तेथे अभंग तत्त्वांची यादी घटनेतच लिहिलेली आहे. आपल्याकडे ती प्रत्येक खटल्यागणिक न्यायालय ठरवते. मर्यादा घालणाऱ्याला मर्यादा कोण घालणार, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

परंतु त्याचे उत्तर हे तत्त्वच मोडीत काढणे नव्हे. आणीबाणीत छातीवर घाव झेललेल्यांनी तरी ढाल फेकून देण्याची भाषा करू नये. बहुमत आज एकाचे असते, उद्या दुसऱ्याचे. अनुकूल निकाल आला की न्यायदेवतेचा जयजयकार आणि प्रतिकूल आला की संसदेच्या सार्वभौमत्वाचा घोष, ही रीत काँग्रेसची होती. तिचे अनुकरण शोभणारे नाही.

उत्तराची दिशा १९७८ मध्येच दाखवली गेली होती. कारावासातून सत्तेत आलेल्यांच्या जनता सरकारने चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद केली. त्याच विधेयकात आणखी एक प्रस्ताव होता : घटनेचे सेक्युलर व लोकशाही स्वरूप, मूलभूत अधिकार, मुक्त निवडणुका आणि न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य यांना बाधा आणणारी दुरुस्ती जनमतकौलाविना होऊ नये. राज्यसभेत काँग्रेसचे बहुमत होते. तिथे तो फेटाळला गेला. यादी लिखित, आणि अंतिम शब्द ना संसदेचा ना न्यायालयाचा, तर जनतेचा, ही कल्पना आजही विचारात घेण्याजोगी आहे.

प्रा. कॉनराड २००१ मध्ये निवर्तले. त्यांच्या प्रतिपादनाचे सार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. राजाच्या वरही धर्म असतो, ही या भूमीची धारणा आहे. तो धर्म सिंहासनावरील राजाला जसा बांधतो, तसाच न्यायासनावरील पंडितालाही बांधतो. यांपैकी एकाला जरी त्याचा विसर पडला, तरी त्याची झळ सोसावी लागते ती सामान्य नागरिकालाच.