आधी मिशा पाहा, मग पंप काढा

भातात हिरवा नाकतोडा दिसला की त्याच्या मिशा पाहा. आखूड असतील तर तो पिकाचा शत्रू. अंगाहून लांब, दोऱ्यासारख्या असतील तर तो टेटिगोनिइडी कुळातला, रातकिड्याचा भाऊबंद. याचे कान पुढच्या पायांच्या नडगीत असतात! नर पंखावर पंख घासून गातो. मादीच्या शेपटाशी तलवारीसारखी पात असते. मुले तिला नांगी समजतात, पण ती अंडी घालण्यासाठी असते. भातातली याची कोनोसेफॅलस जात पाने थोडीफार कुरतडते खरी, मात्र खोडकिड्याची आणि लोंबीवरच्या ढेकण्याची अंडीही खाते. सरसकट फवारणीत हा राखणदार फुकट मरतो. तेव्हा लांब मिशांचे चार-दोन दिसले तर औषधाला हात लावू नका.