उपचार संपले, आता चाल धरा!

१९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांत कार्यकर्ते फिरले, लोकांना लक्षणं समजावून सांगितली, अंगावर काढलेली दुखणी दवाखान्यापर्यंत आणली. ‘रोग लपवू नका’ ही हाक आपल्या जिल्ह्याने अशी घरोघर नेली. मग सोलापूरकरांनो, पुढची हाकही आपणच द्यायला नको का? रोगातून उठलेल्या माणसाला खाटेला खिळवू नका, त्याला मैदानात आणा!

आज घरोघर काय चालतं? शेवटची किमो होते, रेडिएशनचा शेक संपतो, डॉक्टर ‘तीन महिन्यांनी दाखवायला या’ म्हणतात आणि घरचे फर्मान काढतात: पडून राहा, जिना चढू नको, शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताने कळशी उचलू नको. यात माया आहे, पण ही माया अंगाशी येते. उपचारांनी आधीच झडलेले स्नायू पडून राहिल्याने आणखी आटतात. मग चार पावलांत दम लागतो, आणि दम लागतो म्हणून माणूस पुन्हा आडवा होतो. हा थकवा टॉनिकच्या बाटलीने जात नाही. तो हळूहळू चालत्या पायांनी जातो.

पुरावा हवा? २०२५ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि किमो झालेले ८८९ रुग्ण त्यात होते. निम्म्यांकडून तीन वर्षं मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली व्यायाम करून घेतला, बाकीच्यांना नुसती माहिती दिली. आठ वर्षांनंतर व्यायाम करणाऱ्यांत सुमारे ९० टक्के हयात होते, दुसऱ्या गटात ८३. शंभरामागे सात जीव!

कळशीच्या भीतीलाही उत्तर आहे. काखेतल्या गाठी काढलेल्या बाईने जोराचं काम केलं की हात सुजतो, असं डॉक्टरही मानत. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २४ बायकांच्या हाती वल्ही दिली. त्यांनी तालीम केली, हंगामभर होडी वल्हवली. नव्याने सूज एकीलाही आली नाही. आणि आपला युवराज सिंग? २०१२ च्या सुरुवातीला किमो घेणारा हा गडी त्याच सप्टेंबरात चेन्नईत भारतासाठी बॅट घेऊन उतरला.

प्रत्येकाने युवराज व्हायचं नाही. आपल्यापुढे वारीचा धडा आहे. आळंदीहून निघालेला वारकरी एका दमात पंढरपूर गाठत नाही, विसावे घेत, मुक्काम करत पोचतो. तशीच सुरुवात दहा मिनिटांनी करा, दर आठवड्याला दोन-चार मिनिटं वाढवा. आठवड्यातून तीनदा अर्धा तास अशा चालीने चाला की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. दोनदा ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर. स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल तर भिंतीवर बोटांनी चढत जा आणि हात पोचेल तिथे खडूने खूण करा. पुढच्या आठवड्यात ती खूण ओलांडायची. तोंडाच्या कर्करोगात मानेची शस्त्रक्रिया झाली की पुष्कळदा खांदा ओघळतो. फिजिओथेरपिस्टला गाठायला उशीर करू नका. तंबाखू मात्र कायमची सुटली पाहिजे.

सावधही राहा. सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. किमोने तळवे बधिर झाले असतील तर अनवाणी फिरू नका. सोलापूरचं ऊन तापण्याआधी, सकाळी सातच्या आत चाला. ताप, छातीत दुखणं, नव्याने हाड दुखणं, रक्त जाणं यांपैकी काही झालं तर व्यायाम थांबवून दवाखाना गाठा.

आता गावाचं काम. डॉक्टरांनो, घरी सोडताना गोळ्यांच्या खाली व्यायामही लिहून द्या. तालमींनो, मंडळांनो, वर्गणी मागायला ज्या दारी जाता, त्याच दारी जाऊन म्हणा, ‘काका, उद्या आमच्याबरोबर चला.’ महापालिकेने पार्क मैदानावर सकाळचा एक तास या मंडळींसाठी राखावा. सिद्धेश्वर तलाव आणि संभाजी तलावाकाठी ठरावीक अंतरावर बाकं असावीत, जवळ स्वच्छ शौचालय असावं. शौचासाठी पोटावर पिशवी लावलेला माणूस त्याशिवाय घराबाहेर पडायला धजत नाही.

आणि तुम्ही, ज्यांनी किमो झेलली, शेक सोसला, केस गेलेलं डोकं घेऊन आरशासमोर उभे राहिलात! मरणाशी दोन हात करणाऱ्याने दयेच्या नजरेला काय भ्यायचं? डॉक्टरांचा होकार घ्या, बूट चढवा, शेजाऱ्यालाही हाक मारा. उठा, बाहेर पडा, चाल धरा!