भंगाराच्या नावाखाली

जालन्याच्या पोलाद भट्ट्या भंगारावर चालतात. त्यातील काही भंगार समुद्रापलीकडून येते. २०२१ च्या अर्थसंकल्पाने पोलादी भंगारावरील सीमाशुल्क माफ केले; पोलादी पत्र्यावर मात्र ते साडेसात टक्के राहिले. तेव्हा चांगला पत्रा ‘भंगार’ म्हणून बंदरात उतरवला, की सरकारचा वाटा आयातदाराच्या खिशात! २०११ पासून शुल्काची आकारणी आयातदार स्वतःच करतो. खाते निवडक मालच तपासते. लबाडाच्या हाती दिलेली ही जामदारखान्याची किल्लीच होय.

परंतु खोट्या कागदाची किंमत केवळ तिजोरीच मोजते असे नाही. २००४ साली गाझियाबादच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातील तोफगोळे फुटून १० कामगार ठार झाले.

मोठ्या शुल्कचोरीला कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण पैसे भरून खटला मिटवण्याची वाटही त्याच कायद्यात आहे. ती बुजवली पाहिजे. आणि जालन्यात भंगाराचा कंटेनर उघडताना कामगारांचा प्रतिनिधी हजर असलाच पाहिजे, ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरावी. भट्टीत काय पडते हे जाणण्याचा पहिला हक्क भट्टीसमोर उभे राहणाऱ्याचाच आहे.